अर्धी टाकी, अर्धा दिवस: मुलांना घेऊन अलास्का हायवेवर

पंपाच्या नळीला निळी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोरीने बांधलेली होती. आत दिवा नाही, दाराला कुलूप. आमच्या टाकीत पाव भाग पेट्रोल, मागे चार वर्षांचा मुलगा "आई, शू" म्हणून पाय आपटतोय आणि पुढचा पंप ११० किलोमीटर लांब. फोनची रेंज तर सकाळीच गेली होती. ताशी ८० च्या पुढे काटा न नेता आणि एकमेकांशी फारसं न बोलता आम्ही पोचलो. पंपावर शिरलो तेव्हा पेट्रोलचा पिवळा दिवा लागून बराच वेळ झाला होता.

उत्तरेच्या रानात मुलांना घेऊन जायचं म्हटलं की लोक आधी अस्वलाबद्दल विचारतात. अस्वलाचं पुढे येईलच, पण तिथला रोजचा धोका अंतराचा आहे. पंक्चर, ताप, उलटी, संपलेलं पेट्रोल या शहरात अर्ध्या तासात निस्तरणाऱ्या गोष्टी तिथे अख्खा दिवस खातात. त्या दिवसापासून आमच्या घरात 'अर्ध्याचा नियम' आहे: टाकी अर्धी झाली की भरायची, आणि दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ गाडीत घालवायचा नाही. या लेखातलं बाकी सगळं त्या नियमाचीच फोड आहे.

आधी ठरवा: किती रस्ता आणि कुठून

अलास्का हायवे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो, कॅनडाचाच यूकॉन प्रदेश ओलांडतो आणि अमेरिकेच्या अलास्का राज्यातल्या डेल्टा जंक्शनला संपतो. लांबी साधारण २,२०० किलोमीटर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर १९४२ साली अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर पलटणींनी तो जेमतेम आठ महिन्यांत रानातून कापून काढला. त्यातले सुमारे एक-तृतीयांश सैनिक कृष्णवर्णीय होते. सामान्य लोकांसाठी रस्ता खुला झाला १९४८ साली. आज तो पक्का आहे, पण उन्हाळाभर कुठे ना कुठे उकरलेला असतो. तिथला उन्हाळा म्हणजेच रस्तादुरुस्तीचा हंगाम.

मोठ्यांचा कंपू हा रस्ता चार दिवसांत मारतो. मुलं असतील तर डॉसन क्रीक ते यूकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स या सुमारे १,४२० किलोमीटरलाच सात दिवस द्या. आमची विभागणी अशी होती: डॉसन क्रीक ते पिंक माउंटन २२५, तिथून फोर्ट नेल्सन २३०, मग मंचो लेक २४५. चौथ्या दिवशी फक्त ६५ किलोमीटरवरचे गरम पाण्याचे झरे, लिअर्ड हॉट स्प्रिंग्ज. पुढे वॉटसन लेक २१५, टेस्लिन २६०, शेवटी व्हाइटहॉर्स १८०. कागदावर हे आकडे हास्यास्पद वाटतात. माझा नवरा यादी बघून म्हणाला, "एवढं तर आपण दुपारच्या जेवणाआधी करू." तिसऱ्या दिवशी त्यानेच गाडी बाजूला घेऊन झोप काढली.

पाच वर्षांखालचं मूल असेल आणि ही पहिलीच खेप असेल, तर माझं स्पष्ट मत: सगळा हायवे करू नका. विमानाने व्हाइटहॉर्सला उतरा, तिथून गाडी घ्या, हेन्स जंक्शन गाव आणि क्लुआनी राष्ट्रीय उद्यान बघून परत या. रान तेच, अस्वलं तीच, आणि गाडीतली आठवडाभराची कैद वाचते. बोर मारणारा पट्टा डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन हाच आहे. तिथे झाडं आणि ट्रक सोडून मुलांना दाखवण्यासारखं फारसं काही नाही.

यूकॉनमधून आणखी उत्तरेला जाणाऱ्या डेम्पस्टर हायवेचा मोह मात्र टाळा, निदान पहिल्या वेळी. तो उत्तरध्रुववृत्त ओलांडतो हे खरं, पण खडीचा आहे, त्यातले धारदार दगड टायर फाडतात आणि पहिला पंप लागेपर्यंत साडेतीनशेहून जास्त किलोमीटर जातात. बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात अशा रस्त्यांना सरळ मनाई असते.

कधी जायचं

राहण्याच्या बऱ्याच जागा मेच्या मध्याला उघडतात आणि सप्टेंबरच्या मध्याला बंद होतात. जून-जुलैत उजेड भरपूर. २१ जूनच्या आसपास व्हाइटहॉर्सला दिवस १९ तासांचा असतो. ऐकायला छान वाटतं, पण रात्री साडेदहाला लख्ख उजेडात मुलाला "झोप आता, रात्र झाली" सांगून बघा. शिवाय डासही याच दिवसांत शिगेला असतात.

शाळेची सोय बघता येत असेल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा निवडा. डास ओसरलेले, रात्री पुन्हा काळोख, आभाळ निरभ्र असेल तर उत्तरेचे दिवे (अरोरा, आकाशातला रंगीत प्रकाश) दिसण्याची शक्यता आणि डोंगरांवर लाल-पिवळी झुडपं. त्या बदल्यात थंडी सोसावी लागते. पहाटे तंबूवर दहिवर गोठलेलं असू शकतं.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसा लागतो. अलास्कात शिरायचं असेल तर अमेरिकेचाही. त्याच रस्त्याने परत कॅनडात येणार असाल तर कॅनडाचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे घरीच बघा. आई-बाबांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र सोबत ठेवा, सीमेवर विचारतात. ताजी फळं आणि मांस सीमेआधी संपवा, काढून घेतात. भाड्याची गाडी असेल तर ती दुसऱ्या देशात न्यायची परवानगी करारात लेखी हवी.

गाडी

गाडी मोठी असण्यापेक्षा तिची चाकं चांगली असणं महत्त्वाचं. आम्हाला भाड्याच्या गाडीच्या डिकीत, तळाची पाटी उचलल्यावर, स्टेपनीच्या जागी हवा भरायचा छोटा पंप आणि फेस भरायची बाटली मिळाली. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "हल्लीच्या गाड्यांत असंच येतं." खरंय, पण टायरची बाजू फाटली तर त्या फेसाचा काही उपयोग नसतो. तासभर वाद घालून गाडी बदलून घेतली. तुम्ही ताबा घेतानाच पाटी उचला. स्टेपनी पूर्ण आकाराची आहे ना, जॅक आणि पाना आहे ना, बघा. मग तिथेच, पार्किंगमध्ये, एकदा चाक खोलून बसवा. हे मुलांसमोर करा. पुढे रानात चाक बदलायची वेळ आली तर ती घाबरत नाहीत, नट सांभाळायला बसतात.

काचेवर खडा उडणार हे धरूनच चला. समोरून ट्रक आला की वेग कमी करा आणि शक्य तितकं उजवीकडे राहा. काचेचा विमा घेतला असेल तर तो एकच विमा असेल ज्याचे पैसे वसूल होतात. यूकॉनमध्ये हायवेवर दिवसाही हेडलाइट चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

बाळाच्या सीटबाबत ब्रिटिश कोलंबियाचा नियम असा: नऊ वर्षांचं होईपर्यंत किंवा १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला बूस्टर (उंची वाढवणारी बैठक) लागतो. आणखी एक चूक थंडीच्या प्रदेशात हमखास होते: फुगीर जॅकेट घालूनच मुलाला सीटमध्ये बांधणं. धडक बसली की जॅकेट चपटं होतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा घट्ट करा, छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत आणा आणि वरून जॅकेट पांघरा.

डिकी भरण्याचा क्रम

काय न्यायचं याच्या याद्या शेकड्याने मिळतात. खरा प्रश्न असतो काय कुठे ठेवायचं. पावसात, डासांत, रडणाऱ्या मुलासकट डिकी रिकामी करायला लागू नये. म्हणून तीन थर करा.

सर्वांत आत तंबू, स्लीपिंग बॅगा आणि जास्तीचे कपडे, म्हणजे मुक्कामालाच लागणारं. दार उघडताच हाताला येईल असं: रेनकोट, डासांच्या जाळीच्या टोप्या, प्रवासी कमोड, प्रथमोपचार, दहा लिटर पाणी, एक दिवसाचं जास्तीचं कोरडं खाणं. आणि मुलांच्या पायाशी एकेक छोटी पिशवी, जी ती स्वतः उघडतील: टोपी, हातमोजे, शिट्टी, चित्रांची वही.

उलटीचा डबा मात्र पुढच्या सीटवर. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण सर्वांत जास्त, आणि मंचो लेकच्या काठची वळणं कुणाची गय करत नाहीत. आमचा डबा दह्याचा होता, झाकण घट्ट बसणारा. पिशवीपेक्षा डबा केव्हाही बरा, कारण पुढचं थांबण्यासारखं ठिकाण वीस मिनिटांवर असतं आणि तोवर ते कुणाला तरी हातात धरावं लागतं.

कपड्यांत सुती कमीत कमी. सुती कपडा भिजला की अंगावरची ऊब खेचून घेतो. आतून लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा बनियन, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. जुलैतही रात्री पारा पाच अंशांपर्यंत उतरतो.

निघण्याआधी मुलांना काय शिकवायचं

हे सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच लोक गाडीत बसल्यावर घाईघाईत उरकतात. आम्ही निघण्याआधी दोन आठवडे रोज संध्याकाळी दहा मिनिटं खेळ खेळलो. मी अस्वल व्हायचे. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की दोघांनी पळायचं नाही, ओरडायचं नाही, चालत बाबाला येऊन चिकटायचं. पहिल्या दिवशी दोघंही किंचाळत पलंगाखाली गेली. चौथ्या दिवशी आठ वर्षांची मुलगी धाकट्याचा हात धरून शांतपणे मागे सरकली आणि अस्वलाला म्हणाली, "आम्ही जातोय हं." एवढंच हवं असतं. पळालं की अस्वल पाठलाग करतं आणि ते माणसापेक्षा कितीतरी वेगवान असतं.

मोठ्यांनी करायचं ते असं: थांबा, लहानग्याला उचला, सगळे एकत्र या, खालच्या आवाजात बोलत मागे सरका. अस्वल चाल करून आलंच तर अस्वल पळवायचा स्प्रे. तो पट्ट्याला लावलेला हवा, बॅगेच्या तळाशी असून उपयोग नाही. सरावासाठी नुसत्या हवेचा डबा मिळतो, त्यावर एकदा हात बसवा. आणि मुलांना बजावून सांगा की हा डासांचा स्प्रे नाही. तो अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो, कारण त्यात मिरचीचा अर्क असतो. तापलेल्या बंद गाडीत डबा ठेवू नका, ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

मूस, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाचा नियम वेगळा आहे. पिल्लू बरोबर असलेली मूस अस्वलाइतकीच घातक. ती अंगावर आली तर मात्र पळायचं आणि झाडाआड जायचं. लहान मुलांना हे दोन नियम एकदम सांगू नका, गोंधळतात. त्यांच्यासाठी एकच: मोठा प्राणी दिसला की मोठ्या माणसाकडे.

राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडाचं माप पाठ करून घ्या: अस्वल आणि लांडग्यापासून १०० मीटर, मूस, हरीण, रानमेंढीपासून ३०. मुलांना मीटर कळत नाहीत, बस कळतात. दहा बस आणि तीन बस.

हरवलं तर काय? कॅनडातली शोध-बचाव मंडळी मुलांना 'झाडाला मिठी मार' असं शिकवतात. हरवलास असं वाटलं की चालायचं थांबायचं, एक झाड पकडायचं आणि तिथेच राहायचं. शोधणाऱ्यांच्या दृष्टीने चालत राहिलेलं मूल हे सर्वांत अवघड काम. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, आणि तीनदा वाजवली म्हणजे मदत हवी. गंमत म्हणून वाजवली तर शिट्टी जप्त. आमच्याकडे धाकट्याची दोनदा झाली. तिसऱ्यांदा नाही.

रस्त्यावरचा एक दिवस

सकाळी लवकर निघणं शहाणपणाचं वाटतं, पण उत्तरेत ते चुकीचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला प्राणी रस्त्यावर असतात. मूसचे पाय इतके लांब असतात की धडकेत तिचं धड थेट काचेवर येतं. नऊला निघा, चारपर्यंत पोचा. प्राणी समोर आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग झटकन वळवू नका.

दर दोन तासांनी थांबा, पाच वर्षांखालच्यांसाठी दीड तासांनी. थांबा म्हणजे वीस मिनिटं पायांना मोकळीक. मुलं गाडीच्या दाराशीच खाऊ खात उभी राहिली तर तो थांबा धरायचा नाही. दगड गोळा करा, शर्यत लावा, झऱ्यात काठी सोडा. मात्र रस्त्याच्या बाजूने कुणी उतरायचं नाही, दार कायम रस्त्याच्या उलट बाजूचं उघडायचं.

दुरुस्तीच्या ठिकाणी पाटी धरलेला माणूस गाड्या थांबवतो आणि मग पायलट गाडी सगळ्यांना रांगेने पलीकडे नेते. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. या वेळेसाठी वेगळा खाऊ राखून ठेवा, जो एरवी मिळणारच नाही. आमची मुलं शेवटी शेवटी लाल पाटी दिसली की टाळ्या वाजवायला लागली.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. मागून अचानक "अस्वल!" अशी किंकाळी आली की चालवणारा दचकतो. म्हणून ठरवलं, प्राणी दिसला की घड्याळाची भाषा. "दोन वाजता, तपकिरी." मुलीला घड्याळ त्यातच पक्कं आलं. मग दिवे लुकलुकवत पूर्ण बाजूला गाडी घ्यायची, काचा अर्ध्याहून खाली नाही, कुणी उतरायचं नाही, आणि दोन मिनिटांत निघायचं. रस्त्याच्या मधोमध थांबलेल्या गाड्यांमुळे होणारे अपघात खरे आहेत. प्राण्याला खायला घालणं तर गुन्हाच.

पेट्रोल प्रत्येक पंपावर भरायची गरज नाही, पण अर्ध्यावर आलं की पहिल्या पंपावर भरा, भाव कितीही असो. रोख पैसे ठेवा, कार्डाचं यंत्र बंद असण्याचे दिवस येतात.

डास, झोप आणि शी-शू

डासांसाठी डीट किंवा इकॅरिडिन, ही अंगाला लावायची डास पळवणारी औषधं. कॅनडाच्या आरोग्य खात्याचं म्हणणं असं: सहा महिन्यांखालच्या बाळाला काहीच लावू नका, जाळी वापरा. सहा महिने ते दोन वर्षं, १० टक्क्यांपर्यंतचं डीट, दिवसातून एकदाच. दोन ते बारा वर्षं, तेवढंच, पण तीनदा चालेल. २० टक्के इकॅरिडिन सहा महिन्यांवरच्या सगळ्यांना चालतं, त्याला वास नसतो आणि त्याने प्लास्टिक विरघळत नाही, म्हणून मी तेच घेते. मुलांच्या तळहाताला लावू नका, हात तोंडात जातो. फिकट रंगाचे, सैल, लांब बाह्यांचे कपडे अर्धं काम करतात.

झोपेसाठी काळं कापड आणि चिमटे. तंबूत काळोख होत नाही, डोळ्यांवरची पट्टी लहान मुलं काढून टाकतात. आम्ही धाकट्यापुरता कोपरा चादरीने झाकायचो. झोपेची वेळ घड्याळाने पाळा, सूर्याने नाही. अलास्कात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं, त्या दिवशी मुलं तासभर आधी पेंगतात.

शौचालयं म्हणजे खड्ड्यावरची लाकडी खोपटी. स्वच्छ असतात, पण आत अंधार, आणि भोकातून वारा येतो. धाकट्याने पहिल्या दिवशी साफ नकार दिला आणि दोन दिवस धरून ठेवलं. शेवटी मंचो लेकला झाडामागे प्रवासी कमोड मांडला तेव्हा सुटका झाली. निघण्याआधी महिनाभर घरी त्या कमोडवर बसायची सवय लावा. रानात बसायची वेळ आलीच तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा. ओले रुमाल आणि डायपर पुरायचे नाहीत, बंद पिशवीतून परत आणायचे. आणि डायपरची ही पिशवी तंबूत नाही, गाडीत. अस्वलाच्या नाकाला डायपर, टूथपेस्ट, सनस्क्रीन, बाळाच्या सीटमधला बिस्किटाचा चुरा हे सगळं खाणंच. मुक्कामी पोचल्यावर गाडीतली सीट झटकायचं काम आमच्या मुलीकडे होतं.

यूकॉन सरकारच्या कॅम्पग्राउंडवर जळाऊ लाकूड भाड्यातच येतं, पण ओंडके मोठे असतात, कुऱ्हाड आपली लागते. पाणी उकळून प्या, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट. झरा कितीही नितळ दिसला तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि जुलाब लागलेलं मूल घेऊन चारशे किलोमीटर जायचं म्हणजे काय ते सांगायला नको.

जिथे वेळ द्यावा अशा जागा

फोर्ट नेल्सनच्या पुढे डोंगर सुरू होतात. समिट लेक हे हायवेचं सर्वांत उंच ठिकाण, १,२९५ मीटर. या पट्ट्यात 'स्टोन' जातीच्या रानमेंढ्या रस्त्यावर येऊन माती चाटत उभ्या असतात, त्यांना खनिजं हवी असतात. लिअर्डच्या अलीकडे-पलीकडे रानगव्यांसारखे वुड बायसन रस्त्याकडेला चरतात, एकेक नर नऊशे किलोच्या घरात. ते बाजूला होत नाहीत. थांबायचं आपण.

लिअर्ड हॉट स्प्रिंग्ज हा मुलांसाठी या प्रवासाचा कळस. गाडी लावून लाकडी फळ्यांच्या वाटेने दलदलीवरून चालत जायचं. ही दलदल उबदार असल्याने तिथे मूस चरायला येते. पाणी ४२ ते ५२ अंशांचं, म्हणजे वरच्या टोकाला मोठ्यांनाही सोसवत नाही. मुलांना प्रवाहाच्या खालच्या, थंड टोकाला बसवा, दहा मिनिटं आत, दहा बाहेर, आणि पाणी पाजत राहा. गाल लाल झाले की उठवायचं. एक पूर्ण दिवस इथे द्या. आम्ही दिला नसता तर पुढचा प्रवास झाला नसता.

वॉटसन लेकला पाट्यांचं जंगल आहे. १९४२ साली कार्ल लिंडली नावाचा सैनिक जखमी होऊन हलक्या कामावर होता. दिशादर्शक खांब दुरुस्त करताना त्याने घरच्या आठवणीने आपल्या डॅनव्हिल, इलिनॉय या गावाची पाटी ठोकली. आज तिथे ऐंशी हजारांहून जास्त पाट्या आहेत. स्वतःची पाटी घरूनच करून न्या. आमच्या मुलीने लाकडाच्या तुकड्यावर दोघांची नावं देवनागरीत रंगवली होती. धाकट्याच्या नावातली वेलांटी उलटी पडली, ती तशीच ठोकली. हातोडी आणि चार खिळे न्यायला विसरू नका.

टेस्लिनला त्लिंगित या तिथल्या मूळनिवासी लोकांचं सांस्कृतिक केंद्र आहे. दारात पाच कुळांचे पाच कोरीव खांब. ज्या भूमीतून आपण जातो ती कुणाची आहे, हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येतं. व्हाइटहॉर्सला हिमयुगातले प्राणी दाखवणारं बेरिंजिया केंद्र आहे, तिथे केसाळ मॅमथ आणि अस्वलाएवढा बीव्हर (पाण्यात बांध घालणारा प्राणी) यांच्या प्रतिकृती आहेत. पावसाच्या दिवसासाठी ते राखून ठेवा.

क्लुआनी सरोवराच्या दक्षिण टोकाला ताचाल धाल म्हणजे शीप माउंटन. पांढऱ्या 'डॉल' जातीच्या रानमेंढ्या दुर्बिणीतून कणाएवढ्या दिसतात आणि मुलं अर्धा तास मोजत बसतात. तिथेच एक नदी हरवली आहे. २०१६ साली कास्कावुल्श हिमनदी मागे सरकली आणि तिचं वितळलेलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळलं. सरोवराला मिळणारी नदी जवळजवळ आटली, पाण्याची पातळी उतरली. आता त्या कोरड्या पात्रातून वारा सुटला की राखाडी धूळ हायवेवर येते. मुलगी म्हणाली, "म्हणजे नदीने रस्ता चुकवला?" सरोवराचं पाणी बर्फगार आहे, गुडघाभर पाण्यातही लाइफ जॅकेट घाला.

डिस्ट्रक्शन बेच्या पुढे बीव्हर क्रीकपर्यंत रस्ता लाटांसारखा. खालची गोठलेली जमीन विरघळते तसा डांबराला पोक येतो. इथे ६०-७० चा वेग आणि दह्याचा डबा हातात.

अडलं तर

मोबाइलवर विसंबू नका. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं उपकरण भाड्याने घ्या, किंवा आयफोन १४ आणि त्यापुढच्यांतली उपग्रह एसओएस सोय घरीच नीट समजून घ्या. आभाळ मोकळं लागतं, दाट झाडीत संदेश रखडतो. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि कागदी नकाशाही ठेवा. तो मुलांच्या हातात द्या.

रोज सकाळी निघण्याआधी रस्त्यांची ताजी स्थिती सांगणारी ड्राइव्ह बीसी, ५११ यूकॉन किंवा ५११ अलास्का ही संकेतस्थळं बघा. वणव्याने रस्ता बंद होऊ शकतो. मे २०२४ मध्ये अख्खं फोर्ट नेल्सन रिकामं करावं लागलं होतं. पर्यायी रस्ता म्हणाल तर बहुतेक ठिकाणी नाहीच, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

रुग्णालयं फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक आणि व्हाइटहॉर्सला. टेस्लिन, हेन्स जंक्शन, बीव्हर क्रीकला नर्सचं आरोग्य केंद्र. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला हवा. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं. मात्रा मुलाच्या वजनावर, ती निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

परत विमानाने जाणार असाल तर अस्वलाचा स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस नेता येत नाही, सामानातसुद्धा नाही. शेवटच्या कॅम्पग्राउंडवर नुकतंच पोचलेलं एखादं कुटुंब शोधा, डब्यावरची मुदत दाखवा आणि देऊन टाका. आमचा डबा दोन जुळ्या मुलींच्या बाबांनी घेतला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पुढच्या पंपाचा.